मदत हवी आहे: दुसरा टॅब उघडा असला की इंडेक्स्डडीबी डिलीट होत नाही

काउंटरवरचा एकच संगणक तीन-चार जण वापरतात, त्यावर आमचं बिलिंगचं वेब अ‍ॅप चालतं. एकाने लॉगआउट केलं की त्याचा साठलेला डेटा ब्राउझरमधून जायलाच हवा.

लोकलस्टोरेजमधल्या (ब्राउझरमधला साधा साठा) आमच्या नोंदी रिमूव्हआयटमने काढतो, सर्व्हिस वर्करची (पानामागे चालणारी स्क्रिप्ट) कॅशही उडवतो. लॉगिनची कुकी 'एचटीटीपीओन्ली' प्रकारची आहे, ती जावास्क्रिप्टच्या हाती लागत नाही म्हणून सर्व्हरच संपवतो. इथवर ठीक.

अडतंय इंडेक्स्डडीबीपाशी, म्हणजे ब्राउझरमधल्या डेटाबेसपाशी. एकच टॅब असेल तर डिलीटडेटाबेस लगेच होतं. दुसऱ्या टॅबमध्ये अ‍ॅप उघडं असलं की 'ब्लॉक्ड' इव्हेंट येतो आणि गाडी तिथेच थांबते. सक्सेस नाही, एररही नाही. (काउंटरवर सात-आठ टॅब कायम उघडे असतात, कितीही सांगा.) डिलीटच्या आधी डेटाबेसचं कनेक्शन क्लोज करून पाहिलं, पण त्याने त्याच टॅबचं कनेक्शन बंद होतं. क्रोम आणि फायरफॉक्स, दोन्हीकडे तेच.

क्लिअर-साइट-डेटा हेडर (सर्व्हरने ब्राउझरला साइटचा साठा पुसायला सांगणं) कृपया सुचवू नका. त्याच ओरिजिनवर (त्याच वेब-पत्त्यावर) स्टॉकचं वेगळं अ‍ॅप आहे, त्याचाही डेटा साफ होईल. लोकलस्टोरेजवर सरसकट क्लिअर मारत नाही तेही त्यामुळेच.

प्रत्येक टॅबमध्ये 'व्हर्जनचेंज' (डेटाबेस डिलीट होऊ घातलाय हे बाकी टॅबना कळवणारा इव्हेंट) ऐकून तिथल्या तिथे क्लोज केलं तर बॅकग्राउंडला झोपलेल्या टॅबपर्यंतही ते भरवशाने पोचतं का? की डेटाबेस तसाच ठेवून फक्त ऑब्जेक्ट स्टोअर (त्यातले टेबलसारखे कप्पे) रिकामे करावेत?