उंच पोरगा, गुरुवारची यादी आणि आपण : फुटीप्रेमींचे अनुभव

धागाकर्ता, फूट्सक्रे

मंडळी, क्रिकेटवर आपण रोजच भांडतो. आज फुटीवर भांडू, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलवर.

मी मेलबर्नच्या वेस्टर्न बुलडॉग्स क्लबचा. गुरुवारी संध्याकाळी शनिवारच्या सामन्याचा संघ जाहीर होतो आणि आमच्याकडे ताटं वाढलेली तशीच राहतात. 23 नावं असतात, 18 मैदानावर आणि बाकीची बाकावर. सध्या त्यातलं सगळ्यात जास्त चघळलं जाणारं नाव सॅम डार्सी. 2003 चा जन्म, उंची 208 सेंटिमीटर. वडील ल्यूक डार्सी याच क्लबकडून 226 सामने खेळले, आजोबाही इथलेच. वडील 100 सामने खेळले असले की मुलावर क्लबचा पहिला हक्क, असा इथे नियमच आहे. 2021 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवी पोरं क्रमाने निवडतात त्यात, सिडनीच्या जायंट्स क्लबने दुसऱ्या क्रमांकावर त्याच्यासाठी बोली लावली, आम्ही ती जुळवली आणि पोरगा घरी आला.

नवख्यांसाठी थोडक्यात. मैदान अंडाकृती, चेंडूही तसाच, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून पायाने मारलात की गोल, 6 गुण. बाजूच्या फटीतून गेला की बिहाइंड, 1 गुण. कुणाच्या लाथेने 15 मीटर तरी उडत आलेला चेंडू हवेतच पकडला की तो मार्क. मग तुम्हाला कुणी हात लावायचा नाही, निवांत नेम धरून मारा. म्हणून गर्दीतून वर हात काढून झेल घेणारा उंच फॉरवर्ड, म्हणजे गोलाजवळ खेळणारा, ज्याच्याकडे, त्याची चंगळ.

माझं मत आधीच सांगून टाकतो. असा पोरगा तीन सामन्यांत दोनच गोल करतो तेव्हा दोष निम्म्याहून जास्त वेळा त्याच्याकडे चेंडू पाठवणाऱ्यांचा असतो. पण यादीतून नाव उडतं ते त्याचंच. तुमच्या क्लबात असं कोण होतं? त्याच्यासाठी कुणाला बसवलं? लिहा.

टार्नीटची आई

धागा काढलात हे बरं केलंत दादा. आमच्याकडे हा खेळ मुलाच्या ऑसकिकमधून, म्हणजे लहान मुलांच्या फुटी वर्गातून आला. शनिवारी सकाळी थंडीत कुडकुडत उभं राहायचं आणि पाच-सहा वर्षांची पोरं मेंढरांसारखी चेंडूमागे धावताना बघायची. पोर मोठं झालं, आता उंचीने बाबाच्या पुढे गेलंय, त्यामुळे आपसूक फुल फॉरवर्ड.

2024 ची एलिमिनेशन फायनल, म्हणजे हरला तो बाहेर असा सामना, आठवते? 6 सप्टेंबर, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी गणपती. माझी हरतालिका, पोटात काही नाही, समोर मखराचा थर्माकोल, आणि टीव्हीवर बुलडॉग्स विरुद्ध हॉथॉर्न. एमसीजीवर जवळपास 98 हजार माणूस. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्यांना डार्सी दाखवला तर म्हणाल्या, "अगं एवढा उंच आहे तर त्याच्याच हातात का देत नाहीत?" 37 गुणांनी हरलो. सासूबाईंचा प्रश्न मात्र मी आजही प्रशिक्षकांना विचारू इच्छिते.

हॉथॉर्न, पण मनाने कोल्हापूर

ताई, त्या रात्री आम्ही नाचत होतो, माफ करा!

उंच उंच काय लावलंय? आमचा निक वॉटसन बघा. 170 सेंटिमीटर. 2023 च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर घेतला तेव्हा ऑफिसातले लोक म्हणाले, एवढ्या वरची निवड कुणी बुटक्यावर घालवतं का? मी कुस्तीच्या गावचा आहे, उंचीवर भुलणारा नाही. मोठे दोघं-तिघं हवेत उड्या मारतात, चेंडू निसटतो, आणि खाली हा पठ्ठ्या तयारच. वळला की गोल. वर कुंपणाजवळ जाऊन विरोधी प्रेक्षकांना चार हातवारे. पंचविशीच्या आतल्या पोरांनी एवढी मस्ती केलीच पाहिजे.

संघनिवडीचा माझा हिशेब साधा आहे. दोन उंच, तीन बुटके, एक मधला. तीन उंच घेतलेत की प्रतिस्पर्ध्याचे बचावपटू चेंडू खाली पडल्यावर पळून जातात आणि तुमचे ताडमाड वळेपर्यंत चेंडू दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो.

धागाकर्ता, फूट्सक्रे

नेमकं हेच आमचं दुखणं होतं. ॲरन नॉटन, जमारा युगल-हेगन, डार्सी आणि रोरी लॉब. चौघेही उंच, चौघेही पुढे खेळणारे. 2024 मध्ये लॉबला मागे बचावात नेलं. आमच्या व्हॉट्सॲप गटावर त्या दिवशी प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांना वेड्यात काढलं होतं. लॉब तिथे असा रुजला की आता त्याला पुढे आणा म्हणायची कुणाची टाप नाही. आणि डार्सीचं उलटं. 2022 मध्ये पदार्पणाला त्याला मागे खेळवलं होतं, मोकळं रान मिळालं ते पुढे आल्यावर.

स्वान नदीकाठ, पर्थ

पूर्वेकडच्या लोकांना धीर नसतो, हे आमचं जुनं मत. पुरावा जॉश केनेडी. कार्ल्टनने त्याला 2005 च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर घेतलं, 22 सामने खेळवलं. 2007 च्या अखेरीस त्यांना क्रिस जड हवा होता, जड आमचा कर्णधार. व्यवहारात हा वीस वर्षांचा, अजून हाडापेरात न भरलेला पोरगा आमच्याकडे, वेस्ट कोस्ट ईगल्सकडे आला. मी नुकताच खाणीच्या नोकरीसाठी इथे आलो होतो. कँटीनमध्ये लोक जड गेला म्हणून सुतक पाळत होते, केनेडीचं नावही कुणी घेत नव्हतं.

पुढची काही वर्षं तो ठीकठाकच होता. मग 2015 आणि 2016, लागोपाठ दोन कोलमन पदकं, म्हणजे मोसमात सर्वाधिक गोल. 2018 चं विजेतेपद. ऑगस्ट 2022 मध्ये पर्थच्या मैदानावर निरोपाचा सामना खेळला, त्यातही 8 गोल. कारकिर्दीत एकूण 723. जडही महान खेळाडू, कार्ल्टन फसलं असं मी म्हणणार नाही. पण उंच फॉरवर्ड चोवीस-पंचविशीत पिकतो. एकोणिसाव्या वर्षी त्याची परीक्षा घेऊन निकाल लावणारे निवडीच्या खोलीत नकोत.

(आम्हाला एक सुख आहे. मेलबर्नचा रात्रीचा सामना इथे संध्याकाळी चहाच्या वेळी सुरू होतो.)

सिडनी, लाल-पांढरा

केनेडीसारखी उदाहरणं ऐकायला गोड लागतात काका, पण जे पिकलेच नाहीत त्यांची यादी कुणी करत नाही.

मी 25 मार्च 2022 ला एससीजीवर होतो. लान्स फ्रँकलिन, आमच्या सिडनी स्वान्सचा बडी, 996 गोलांवर होता. त्या दिवसाचा चौथा गोल शेवटच्या पावात (सामन्याचे चार पाव असतात) झाला, हजारावा, आणि अख्खं स्टेडियम मैदानात उतरलं. मीही. बायको ओरडत होती, मोबाईल पडला, बूट चिखलात. खेळ अर्ध्या तासाहून जास्त थांबला. याआधी एक हजार गोल फक्त पाच जणांनी केले होते.

आणि त्याच वर्षीची फायनल. सॅम रीडच्या जांघेचा स्नायू दुखावलेला, तरी त्याला संघात घेतलं. तिसऱ्या पावात बदलावा लागला. गीलाँगने आम्हाला 133 विरुद्ध 52 असं धुतलं. एक जण तंदुरुस्त असता तर 81 गुणांचा फरक मिटला नसता, ते मलाही कळतं. तरी अर्धवट बरा झालेला अनुभवी माणूस की तंदुरुस्त कोवळा पोरगा, असा प्रश्न आला की मी आता डोळे मिटून पोरगा म्हणतो.

ठाणेकर, पूर्वी गीलाँग

ती फायनल मी गीलाँगमध्ये पाहिली, विद्यार्थी होतो. आता ठाण्यात. फायनल आपल्याकडे सकाळी दहाला लागते, घरचे पोहे खात विचारतात हा कुठला रग्बी. 2025 ची पाहिली, ब्रिस्बेनने आमची वाट लावली, 122-75.

सिडनीवाल्यांच्या मुद्द्याला ब्रिस्बेनचा लोगन मॉरिस जोडतो. 2023 च्या ड्राफ्टमध्ये तिसावर नावं झाल्यावर घेतलेला पोरगा, पहिल्याच मोसमात विजेत्या संघात, दुसऱ्यातही. पण तो एकटा नव्हता. भोवती अनुभवी फॉरवर्ड होते, सर्वात दांडगे बचावपटू त्यांना चिकटायचे, याच्या वाट्याला त्यातला हलका यायचा. पोराला संघात कधी घेता यापेक्षा कुणाच्या शेजारी उभं करता, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

झेंडेवाला

मी आमच्या उपनगरातल्या ज्युनियर क्लबात गोल अंपायर असतो. पांढरा कोट, दोन झेंडे. गोल झाला की दोन्ही हलवायचे, बिहाइंडला एक. पालकांपैकी कुणीतरी उभं राहावंच लागतं.

खांबांमागे उभं राहिलं की एक गोष्ट दिसते जी टीव्हीवर दिसत नाही. सेट शॉट, म्हणजे मार्क घेतल्यावर निवांत मारलेला, चुकतो तो पायामुळे क्वचित, हातामुळे जास्त. चेंडू हातातून सुटून पायावर पडतो तो सरळ पडला तर सरळ जातो, जरा कलला की गेला बाजूच्या फटीत. उंच मुलांचं हे पडण्याचं अंतर जास्त, त्यामुळे कलायला वावही जास्त. दमलेल्या पोराचे हात आधी ढिले होतात. म्हणून डार्सीला अधूनमधून रकमध्ये, म्हणजे मध्यभागी उड्या मारून चेंडू ढकलायला पाठवतात ना, ते मला पटत नाही. तिथे धक्के खाऊन आला की पुढच्या नेमात फरक पडतो. 2025 मध्ये गुडघा दुखावून काही आठवडे बाहेर बसलाच होता. टिम इंग्लिशच्या मदतीला दुसरा कुणी शोधा.

टार्नीटची आई

झेंडेवाले काका, मुलाला आजपासून चेंडू टाकायचा सराव देते. धन्यवाद!

जुना फूट्सक्रेकर

मी थोडं वेगळं लिहितो.

टॉम बॉइड. 2013 च्या ड्राफ्टमधला पहिला. 2014 च्या शेवटी आमचा कर्णधार रायन ग्रिफेन क्लब सोडून निघाला, त्या व्यवहारात बॉइड आला. एकोणीस वर्षांचा पोर, सात वर्षांचा करार, वर्षाला सुमारे दहा लाख डॉलर. पुढची दोन वर्षं ट्रेनमध्ये, न्हाव्याकडे, सगळीकडे एकच हिशेब. एका गोलाचे किती पडले? मीही हसत होतो त्या विनोदांना.

1 ऑक्टोबर 2016. सातव्या क्रमांकावरून फायनलला पोचलेलो, 1954 नंतर एकही विजेतेपद नाही. बॉइडने तीन गोल केले. शेवटच्या पावातला तिसरा, लांबून उचलून मारलेला, टप्पे खात आत गेला तेव्हा माझ्या शेजारचा म्हातारा मला मिठी मारून रडत होता. त्याचं नाव मला आजही माहीत नाही.

मे 2019 मध्ये बॉइड निवृत्त झाला. तेवीस वर्षांचा. कराराची वर्षं शिल्लक, पैसे सोडून गेला. झोप लागत नव्हती, मन ठिकाणावर नव्हतं, हे त्याने स्वतः मोकळेपणाने सांगितलं.

युगल-हेगनही असाच, 2020 च्या ड्राफ्टमधला पहिला. मार्च 2023 मध्ये त्याला प्रेक्षकांतून वंशद्वेषी शिवी ऐकावी लागली. पुढच्या सामन्यात ब्रिस्बेनविरुद्ध त्याने पाच गोल केले आणि जर्सी वर करून आपल्या त्वचेकडे बोट दाखवलं. 1993 मध्ये निकी विनमारने कॉलिंगवूडच्या मैदानावर केलं होतं तसंच. दोघेही ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासी समाजातले. मी त्या रात्री स्टँडमध्ये होतो. आपल्या रंगाच्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. 2025 चा मोसम तो खेळला नाही, आता गोल्ड कोस्टला गेलाय. तिथे त्याचं भलं होवो.

तेव्हा डार्सीबद्दल लिहा, भांडा, पण गोलामागे किती पैसे पडले हे माझ्यासमोर कुणी काढू नका.

हॉथॉर्न, पण मनाने कोल्हापूर

काका, नाही काढणार.

धागाकर्ता, फूट्सक्रे

काका, बॉइडच्या त्या गोलाचा फोटो आमच्या फ्रिजवर आहे.

आता कामाचं बोलू. 2025 मध्ये 14 सामने जिंकूनही आम्ही नववे आलो, शेवटच्या फेरीत फ्रीमँटलकडून घरच्या मैदानावर हरलो आणि फायनल्स खेळणाऱ्या पहिल्या आठातून बाहेर. तीन दिवसांनी गणपती बसले, आरतीला माझा आवाजच निघत नव्हता. म्हणजे मोठा बदल नको, पण काहीतरी हवंच. माझी फॉरवर्ड फळी अशी: डार्सी गोलासमोर खोल, नॉटन पुढे धावत येणारा, आमचा कर्णधार बोंटेम्पेली अधूनमधून मैदानाच्या मध्यातून पुढे, उरलेले तिघे छोटे आणि पळणारे. 2019 पासून मध्यभागी चेंडू उडवून खेळ सुरू होताना प्रत्येक टोकाला सहा विरुद्ध सहाच उभे राहतात, त्यामुळे त्या क्षणी डार्सीभोवती गर्दी करता येत नाही. मधल्यांनी चेंडू जिंकला की इकडेतिकडे न बघता थेट, उंच, त्याच्या डोक्यावर. टार्नीटच्या सासूबाईंची योजना, दुसरं काय.

झेंडेवाला

आणि रकमध्ये कोण?

धागाकर्ता, फूट्सक्रे

तिथेच अडलंय. लॉबला पुढे-मागे-मध्ये असा फिरवावा असं एक मत गटात आहे, पण त्याला बचावातून हलवायचं म्हटलं की अर्धा गट बाहेर पडेल. पर्थ आणि सिडनीवाले, तुम्ही त्रयस्थ आहात, सांगा.

स्वान नदीकाठ, पर्थ

लॉबला हलवू नका. तो आधी फ्रीमँटलला होता, आम्ही डर्बीत, म्हणजे पर्थच्या दोन क्लबांच्या लढतीत पाहिलाय. दुसरा रक राखीव संघातून उचला, अगदी कच्चा असला तरी चालेल.