ऐंशीव्या वर्षीचं गाणं: कौतुक गाण्याचं की वयाचं?

गारवेल
काल पुन्हा एकदा २०२४ च्या ग्रॅमी संगीत पुरस्कार सोहळ्यातलं, कॅनडाची गायिका-गीतकार जोनी मिचेलचं 'बोथ साइड्स नाऊ' पाहिलं. वय ऐंशी, खुर्चीत बसलेली, हातातल्या काठीने ठेका धरतेय. आमच्या घरात लगेच दोन तट. लेक म्हणाली, "टाळ्या म्हातारीला आहेत, गाण्याला नाहीत." मला ते झोंबलं, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की स्वतः लिहून गाणाऱ्या बायका टिकतात, कारण त्यांचं गाणं निव्वळ गळ्यावर उभं नसतं. हेच गाणं घ्या. जोनीने विशीत लिहिलं, आधी गाजलं जूडी कॉलिन्स या दुसऱ्या गायिकेच्या आवाजात. जोनीने स्वतः १९६९ च्या अल्बममध्ये घेतलं तेव्हा आवाज पातळ, उंच. २००० साली ऑर्केस्ट्रासोबत पुन्हा गायली तोवर तोच आवाज पार खाली उतरलेला, खरखरीत. आणि मला विचाराल तर गाणं तेव्हा कुठे पुरं झालं. 'दोन्ही बाजू पाहून झाल्यात' हे विशीतल्या पोरीने म्हणायचं आणि पन्नाशी उलटलेल्या बाईने म्हणायचं, यात फरक आहेच की.

तिरकी रेघ
माझं मत तुमच्या लेकीला. २०१५ मध्ये मेंदूतली रक्तवाहिनी फुगून जिवावर बेतलं, त्यानंतर चालणंसुद्धा नव्याने शिकावं लागलं. अशी बाई २०२२ मध्ये अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायली की डोळे भरून येणारच. माझेही आले. पण त्यावरून गाण्याला मार्क देता येत नाहीत. गायिका ब्रँडी कार्लाइल आणि बाकीची मंडळी आजूबाजूला बसून तिला उचलून धरत होती, तो टेकू काढा आणि मग बोला.

शिवाय 'लिहितात म्हणून टिकतात' हेच चूक. लोकगीतं गाणारी अमेरिकन जोन बाएझ १९५९ ला न्यूपोर्टला पहिल्यांदा गायली आणि २०१९ पर्यंत मंचावर होती. साठ वर्षं! त्यातली बहुतेक गाणी पारंपरिक नाहीतर दुसऱ्यांची. 'डायमंड्स अँड रस्ट' तिचं स्वतःचं, पण असं गाजलेलं तिचं गाणं विरळाच.

पंचमवेडा
टेकू काढायचाय ना? मग न्यूपोर्टचाच, जोनीच्या 'जस्ट लाइक धिस ट्रेन' या गाण्याचा तुकडा बघा. उभी राहून इलेक्ट्रिक गिटार वाजवतेय, गाणं नाहीच. आजारपणात वाजवणं विसरली होती. स्वतःचेच जुने व्हिडिओ बघून बोटं कुठे ठेवायची ते परत शिकली.

आणि तिची बोटं म्हणजे वेगळं प्रकरण. नवव्या वर्षी पोलिओ झालेला, डावा हात कमजोर. नेहमीचे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरणं जड जायचं म्हणून ती ताराच वेगळ्या सुरांत लावायची. 'बिग यलो टॅक्सी'साठी सहा तारा अशा लावायच्या की काही न दाबता नुसता हात फिरवला तरी अख्खा ई मेजर कॉर्ड वाजतो. मग एकच बोट आडवं टाकून वर-खाली सरकवायचं. मी एकदा अशी लावून क्लासला गेलो, तर सरांनी माझ्या हातातून गिटार घेऊन न बोलता 'नीट' लावून दिली. :)

मालतीची नात
आणि आशाबाई? 'रंगीला' १९९५ चा. साठी उलटलेली, आवाज विशीतला. गीतकार वेगळे, संगीतकार वेगळे. टिकल्याच ना?

गारवेल
आशाबाईंच्या वाटेला जायची माझी छाती नाही. पण तिथे चमत्कार हाच की गळा म्हातारा झाला नाही. मी बोलतोय ते गळा म्हातारा झाल्यावर काय, यावर. बाएझबद्दल: थांबताना तिने स्वतःच सांगितलं की आवाज सांभाळणं आता अवघड जातंय. माद्रिदला शेवटचा कार्यक्रम केला, विषय संपला. गळ्यावर टिकलेली बाई गळ्यासोबत थांबली. मुद्दा माझ्याच बाजूला येतो.

चहा कमी साखर
तुम्ही सगळे टिकलेल्यांची नावं घेऊन टिकण्याचं शास्त्र मांडताय. इंग्लंडची गायिका व्हॅश्टी बन्यन, तिचं काय? १९७० ला अल्बम आला, कुणी विचारलं नाही, बाईने गाणंच सोडलं. तीही स्वतःच लिहायची. २००० साली तो अल्बम पुन्हा निघाला, नव्या पोरांनी डोक्यावर घेतला आणि दुसरा अल्बम आला २००५ मध्ये. मधली पस्तीस वर्षं कुठल्या खात्यात टाकायची?

अमेरिकन गायिका-गीतकार ट्रेसी चॅपमनने २००८ नंतर अल्बम काढलेला नाही. २०२३ मध्ये कंट्री गायक ल्यूक कोम्ब्जने तिचं 'फास्ट कार' गायलं, ते अमेरिकेत दुसऱ्या नंबरवर गेलं. तिचं मूळ गाणं १९८८ मध्ये सहाव्यावर थांबलं होतं. गीतकार म्हणून पुरस्कार तिला, मानधन तिला, आणि बाई घरी. टिकलं काय, करिअर की गाणं?

मालतीची नात
पस्तीस वर्षांचं खातं मी सांगते. पोरं, जनावरं, घर. अमेरिकन रॉक गायिका-कवयित्री पॅटी स्मिथ १९७९ नंतर डेट्रॉइटला संसारात गेली, तर लिहिणारे लिहून गेले की संपली. पण पोरं उठायच्या आधी, पहाटे रोज ती लिहीत होती. १९८८ चा एक अल्बम सोडला तर बाहेर काहीच दिसलं नाही. १९९४ मध्ये नवरा गेला, १९९६ ला 'गॉन अगेन' हा अल्बम आला. ज्यांना पहाटेचं दिसत नाही त्यांना ते पुनरागमन वाटतं.

तिरकी रेघ
हे मात्र पटलं. माझा आक्षेप फक्त वयाच्या टाळ्यांना आहे.

पंचमवेडा
मग पॅटीचंच २०१६ चं नोबेल सोहळ्यातलं गाणं बघा. सत्तरीला टेकलेली, समोर राजघराणं बसलेलं, आणि मध्येच शब्द विसरली. थांबली, "माफ करा, फार दडपण आलंय" असं म्हणाली आणि पुन्हा सुरू केलं. त्यानंतरची कडवी ऐका, त्या टाळ्या वयाला नव्हत्या.

तिरकी रेघ
ऐकलंय. पण ते गाणं तिचं नव्हतं, ज्याला ते नोबेल मिळालं त्या बॉब डिलनचं होतं हो. गारवेल, आता बोला!