सल्ला हवा: पामीर हायवे, इंदूरहून तिघं, १६ दिवस (सोबत ६१ वर्षांचे बाबा)

पलासियाकर
नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या शेवटी निघायचा विचार आहे. मी, भाऊ आणि बाबा. बाबांना बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. ताजिकिस्तान-किर्गिझस्तानचा एम-४१ (म्हणजेच पामीर हायवे) करायचाय.
१) स्वतःची स्कॉर्पिओ न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी?
२) ओशहून सुरुवात करावी की दुशांबेहून?
३) बाबांना न्यावं का?
४) तिघंही शाकाहारी. अंडं चालतं.
"फार धोका आहे, मनालीला जा" हा सल्ला घरून मिळालेला आहे, तो पुन्हा नको.

नकाशावेडी
स्कॉर्पिओ विसरा. अटारी एप्रिल २०२५ पासून बंद, म्यानमार २०२१ च्या लष्करी उठावापासून भरवशाचा नाही, आणि नेपाळमार्गे चीनमध्ये गाडी न्यायची तर चिनी गाइड, तात्पुरती नंबरप्लेट आणि तात्पुरता परवाना असा सगळा जामानिमा लागतो. उरला न्हावाशेवा किंवा मुंद्र्याहून बंदर अब्बासचा सागरी मार्ग. त्यासाठी कार्नेट (गाडी तात्पुरती परदेशी न्यायचा सीमाशुल्काचा कागद) हवं, त्यापोटी बँक गॅरंटी अडकते, आणि इराणने २२ नोव्हेंबर २०२५ पासून भारतीयांची व्हिसामाफीही थांबवली आहे. १६ दिवसांत गाडी कंटेनरमधून बाहेरसुद्धा येणार नाही.
भाड्याची गाडी घेताना तीन कागद तपासा: गाडी दुसऱ्या देशात न्यायची मालकाची लेखी परवानगी, नोंदणीपत्र, आणि एकीकडे घेऊन दुसरीकडे सोडायचा दर. हा शेवटचा आकडा आधी लिहून घेतला नाही तर हिशोब तिथेच फुटतो.
व्हिसा: ताजिक ई-व्हिसाच्या अर्जातच जीबीएओ (पामीरचा गोर्नो-बदख्शान प्रांत) परवान्याचा पर्याय असतो. त्यावर खूण करायला विसरू नका, त्या कागदाशिवाय पामीरच्या चौकीवरून पुढे सोडत नाहीत. किर्गिझ ई-व्हिसा ठरावीक नाक्यांवरच चालतो. दोन देशांमधल्या कायझिल-आर्ट खिंडीच्या किर्गिझ बाजूचा नाका, म्हणजे बोर-डोबो, त्या यादीत आहे का हे पाहिल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. ही सीमा २०२१ च्या चकमकींनंतर बंद होती, १३ मार्च २०२५ च्या सीमाकरारानंतर उघडली. दोन चौक्यांमध्ये सुमारे २० किमी निर्मनुष्य पट्टा आहे. तिथे बस नाही, टॅक्सी नाही. तेवढ्यासाठी तरी गाडी सलग हवी.

डॉ_घाटमाथा
प्रश्न २ आणि ३ एकच आहेत, म्हणून एकत्र उत्तर देतो.
ओश सुमारे ९६० मीटरवर. तिथून निघालेली गाडी त्याच संध्याकाळी सारी-ताशला ३,१७० मीटरवर आणि दुसऱ्या रात्री कराकुलला ३,९०० च्या वर पोचते. तीन हजारांच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा साधा नियम दोन रात्रींत मोडतो. ओशहून सुरुवात करणारे बरेच जण कराकुलला रात्रभर डोकं धरून बसतात ते यामुळे.
दुशांबेहून निघा. कलाइखुम एक रात्र, खोरोग (सुमारे २,१००) दोन रात्री, मग थेट एम-४१ न धरता अफगाण सीमेलगतच्या वाखान खोऱ्यातून: इश्काशिम (सुमारे २,५००), लंगर (२,८०० च्या आसपास) दोन रात्री. पुढे खारगुश खिंड ४,३४४, मुक्काम बुलुनकुल किंवा अलिचुर. लंगरहून ही उडी हजारएक मीटरची आहे, म्हणूनच लंगरला दोन रात्री म्हटलं. मग मुर्गाब (३,६०० च्या आसपास). अक-बैताल खिंड (४,६५५) दिवसा ओलांडायची, कराकुलला चहा प्यायचा आणि झोपायला सारी-ताशला उतरायचं. मुर्गाब ते सारी-ताश सुमारे २३० किमी. नाक्यावरचा वेळ धरून पूर्ण दिवस ठेवा.
आता बाबांबद्दल. या रस्त्याचा खरा सापळा मुर्गाबला आहे. त्रास झाला तर खाली उतरा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण मुर्गाबहून खाली उतरायला आधी चढावं लागतं. ओशकडे जायचं तर अक-बैताल, खोरोगकडे जायचं तर कोय-तेझेक (४,२७२). म्हणून निर्णय लंगरलाच. दुसऱ्या सकाळी डोकेदुखी आणि मळमळ, भूक नाही, किंवा एका रेषेत टाचेला टाच लावून दहा पावलं चालताना तोल जातोय, यांपैकी काहीही असलं तर गाडी खोरोगला वळवा. तिथे रुग्णालय आहे. मुर्गाबहून तेच ३१० किमी दूर पडतं. बसल्याजागी धाप किंवा ओला खोकला दिसला तर रात्र असली तरी थांबू नका. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका; त्या उंचीवर ८५ च्या आसपास आकडा बऱ्याच जणांचा येतो.
उंचीचा त्रास टाळायची गोळी डायमॉक्स (अॅसिटाझोलामाइड) साधारणपणे १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अॅलर्जी असेल तर विषयच नको. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असेल तर दोन्ही मिळून अंगातलं पाणी आणि पोटॅशियम कमी होऊ शकतं, तेव्हा गोळीचं पाकीट घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. तपासणी चांगली आली आणि लंगरहून मागे फिरायची तुमची तयारी असली, तर बाबांना जरूर न्या.

खडखडराव
डॉक्टरसाहेबांनी माणसाचं सांगितलं, मी गाडीचं सांगतो. जुनी पजेरो किंवा प्राडो मिळेल. ताब्यात घेताना एक तास द्या, मालक घाई करेल, करू द्या.
टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांपेक्षा जुने नकोत. स्टेपनी दोन मागा. जॅक फक्त बघू नका, लावून चाक उचला. पान्हा नटला बसतो का तेही तिथेच कळेल. शॉकअॅब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ असेल तर गाडी बदला. लो गिअर टाकून दहा मीटर चालवा.
खोरोगनंतर रस्त्यावर पन्हळी पत्र्यासारखे आडवे वळ लागतात. त्यावर शॉकअॅब्सॉर्बर तापून फुटतात, नट सैल होतात, टपावरचं कॅरियर सुटतं. वेगाने गेलं की खडखड कमी होते, हे खरं. पण तेव्हा टायर जमिनीला जेमतेम टेकलेले असतात आणि वळणावर गाडी घसरते. २५-३० नेच चला. हवा ३५ ची २७ वर आणा, डांबर लागलं की परत भरा, म्हणजे कॉम्प्रेसर आणि पंक्चर किट हवंच. रोज सकाळी चाकांचे नट पान्ह्याने तपासा.
एक गंमत: दुशांबेला भरलेली ३५ हवा अक-बैतालला मीटरवर ४० दाखवू शकते, कारण बाहेरची हवा विरळ. घाबरून सोडू नका, खाली ओशला ती तेवढीच भरेल. याच कारणाने शेवेची पाकिटंही फुगून फुटतात, आधीच टाचणी लावा.
इंधन: खोरोग ते मुर्गाब वाखानमार्गे साधारण साडेचारशे किमी. पेट्रोल गाडी १०० किमीला १५ ते १८ लिटर खाते, म्हणजे ८० लिटर धरा. टाकी भरून वर २० लिटरचा लोखंडी कॅन, टपावर, आत नाही. मुर्गाबला कधीकधी बादलीतून ओततात आणि ऑक्टेन कमी असतं. कापडातून गाळा, एक जादा इंधन फिल्टर ठेवा. विनाटर्बो इंजिनाची चाळीसएक टक्के ताकद त्या उंचीवर कमी होते, तेव्हा चढावर गाडी बिघडली असं समजून उघडायला बसू नका.

पलासियाकर
धन्यवाद! बार्तांग खोरं जोडावं का? आणि अफगाण सीमेची भीती किती खरी?

नकाशावेडी
बार्तांग १६ दिवसांत नको. ओढे बर्फाच्या पाण्याचे, सकाळी गुडघाभर असलेला संध्याकाळी कमरेला लागतो.
सीमेबद्दल. प्यांज नदी हीच सीमा. काठावर काही ठिकाणी भूसुरुंग आहेत, त्यामुळे फोटोसाठी रस्ता सोडून नदीकडे उतरायचं नाही, शौचालाही रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला, ठळक पायवाटेवरच. लष्करी चौकीकडे कॅमेरा नको. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस अफगाण बाजूने झालेल्या हल्ल्यांत चिनी कामगार मारले गेले, त्यातला एक हल्ला दरवाज भागातला, म्हणजे तुमच्याच कलाइखुमच्या वाटेवरचा. २०२१-२२ मध्ये खोरोगला गडबड झाली तेव्हा प्रांताचं इंटरनेटच बंद होतं. निघायच्या आधीच्या आठवड्यात परराष्ट्र मंत्रालयाची सूचना पाहा; "जाऊ नका" असेल तर बहुतेक विमा पॉलिसी हात वर करतात. पॉलिसीत उंचीची मर्यादाही वाचा, ४,६५५ त्यात बसलं पाहिजे.
सॅटेलाइट मेसेंजर भारतातून नेऊ नका. परवानगीशिवाय तो बाळगणं इथे गुन्हा आहे, विमानतळावरच अडकाल. तिथे भाड्याने मिळाला तर घ्या, तिथेच परत करा. ताश्कंदमार्गे जात असाल तर ड्रोन आणि कोडीनचं खोकल्याचं औषध घरी.
बदल्यात काय मिळतं तेही लिहिते, नाहीतर धागा नुसता भीतीचा होईल. पलीकडच्या काठावर अफगाण गावातली शेतं, गाढवं, शाळेची पोरं दिवसभर तुमच्यासोबत चालत असल्यासारखी दिसतात. यामचुनचा किल्ला, त्याच्या वर बीबी फातिमाचं गरम पाण्याचं कुंड, लंगरच्या कातळावरची कोरीव चित्रं. हे सगळं वाखानमध्ये आहे, थेट रस्त्याने गेलात तर चुकेल.

सराफा_रात्री_बारा
खाण्याचं कोणी बोलेना, इंदूरकर आहात ना! दुशांबेला कुरुतोब मागा: पोळीसारख्या भाकरीचे तुकडे, आंबट कुरुत (सुकवलेलं दही), कांदा, वर तेल, मांस नको हे आधीच सांगा. वर पामीरमध्ये शीर-चाय, म्हणजे दूध-मीठ-लोण्याचा चहा, त्यात भाकरी बुडवून. बाकी बटाटा, अंडी, भाकरी. डाळ नेऊ नका: ३,९०० मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, तूरडाळ कुकरशिवाय शिजणार नाही. पोहे, सातू, मेतकूट, भाजणी न्या. पोह्यांना तर नुसतं भिजवणं पुरे.

पलासियाकर
आणि स्टोव्हचा गॅस?

खडखडराव
विमानात नाहीच. वापरलेला रॉकेलचा स्टोव्हही अडवतात, वास येतो म्हणून. स्क्रूचा बर्नर इथून न्या, गॅसची डबी दुशांबेला घ्या. मुर्गाबला मिळेल या भरवशावर राहू नका.