कोंबडीच्या आतड्यावर ॲट्रोपिन दिलं आणि सगळंच थंडावलं: टिशू मेला की ब्लॉक झाला?

ऐरोली_बीफार्म
ॲसिटिलकोलीनचा (नसा स्नायूला आवळायला लावतात ते रसायन) डोस-रिस्पॉन्स कर्व्ह (डोसनुसार आकुंचन किती वाढतं त्याचा आलेख) काढतोय, आधी साधा, मग त्याला अडवणाऱ्या ॲट्रोपिनसोबत. आतडं ठाण्याच्या चिकनच्या दुकानातून सकाळी आठला घेतलं, प्लास्टिकच्या पिशवीत बर्फावर ठेवून ट्रान्स-हार्बरने आणलं. बाथ (तुकडा टांगायचं द्रावणाचं भांडं) २५ मिलीचा, तापमान ३७ अंश, ताण १ ग्रॅम. टायरोड (टिशू जिवंत ठेवणारं क्षारांचं द्रावण) किंचित दुधाळ होतं. ॲसिटिलकोलीन १० मायक्रोग्रॅम/मिली, त्याचे ०.१, ०.२, ०.४, ०.८ मिली. बेसलाइन हळूहळू खाली घसरत गेली, ०.४ चा रिस्पॉन्स ०.२ पेक्षा लहान आला. मग बाथमध्ये १० मायक्रोग्रॅम/मिली होईल एवढं ॲट्रोपिन टाकलं. त्यानंतर काहीच नाही. चार वॉश दिले तरी नाही.
शिवाय व्हायवाला हमखास येणारा प्रश्न: आतडं कापून आणलंय, मग मज्जातंतूंचा इथे संबंध काय?

काजळीचा_ड्रम
आधी ते दुधाळ टायरोड ओतून द्या. ते पांढरं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आणि फॉस्फेटचा साका. द्रावणातलं कॅल्शियम खाली बसलं तर स्नायू आकुंचन पावणार कशाच्या जोरावर? लिटरला सोडियम क्लोराईड ८ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड ०.२, मॅग्नेशियम क्लोराईड ०.१, सोडियम बायकार्बोनेट १, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.०५, ग्लुकोज १. हे सगळं सुमारे ९०० मिली डिस्टिल्ड पाण्यात पूर्ण विरघळू द्या. कॅल्शियम क्लोराईड ०.२ ग्रॅम वेगळ्या पाण्यात विरघळवून सगळ्यात शेवटी, ढवळत ढवळत, थेंबाथेंबाने घाला आणि मग लिटर पूर्ण करा. ग्लुकोज त्याच दिवशी घालायचं, नाहीतर बुरशी येते. नळाचं पाणी नको, क्लोरीन असतं.

आतडं बर्फाला टेकवू नका. थर्मासमध्ये थंड टायरोड न्या आणि दुकानातच त्यात टाका. इलियम शोधायला सोपं: कोंबडीला दोन सीकम असतात, त्या दोन आंधळ्या पिशव्यांच्या मधून जाणारा तो इलियम. आतला मळ बोटांनी दाबून काढला की आतला थर सोलवटतो. पिपेटने टायरोड सोडून धुवायचं. २–३ सेंमीचा तुकडा, दोन टोकांना समोरासमोरच्या बाजूंनी दोरा, आणि तोंड बंद होईल अशी गाठ नको.

एक विचारतो: तो १ ग्रॅम लिव्हरवर (आकुंचन लिहून दाखवणाऱ्या तरफेच्या दांड्यावर) नेमका कुठे लावला होता?

ऐरोली_बीफार्म
प्लास्टिसिन, लिहिणाऱ्या टोकाजवळ.

काजळीचा_ड्रम
मग चोर सापडला. लिव्हर दहापट मोठं करून दाखवत असेल तर त्या टोकावरचा १ ग्रॅम टिशूला १० ग्रॅमने ताणतो. फलक्रमपासून (लिव्हरच्या टेकूपासून) टिशूचा दोरा जेवढ्या अंतरावर आहे, तेवढ्याच अंतरावर, पण लिहिणाऱ्या बाजूला, वजन लावायचं. तेव्हाच टिशूवर १ ग्रॅम पडतो. बेसलाइन घसरणं म्हणजे टिशू लांबत जाणं, आणि एवढा ताणलेला स्नायू जेमतेमच ओढतो.

ताण बरोबर केल्यावर ३०–४५ मिनिटं काहीही न देता स्थिर होऊ द्या, दर १० मिनिटांनी द्रावण बदलत. चक्र ५ मिनिटांचं: ३० सेकंद बेसलाइन, ३० सेकंद औषध, मग तीनदा वॉश. औषध जास्त वेळ ठेवलं की रिसेप्टर बधिर होतात आणि पुढचा डोस खोटा लहान दिसतो. ॲसिटिलकोलीनचं स्टॉक आम्लधर्मी ठेवा, पातळ द्रावण त्याच दिवशीचं. अल्कलीत ते फुटतं.

कर्व्ह_उजवीकडे
ॲट्रोपिनचं गणित बघा, कारण दुसरी चूक तिथे आहे. गिनीपिगच्या इलियमवर ॲट्रोपिनचं पीए-२ (अडवण्याच्या ताकदीचं माप) सुमारे ९. म्हणजे १ नॅनोमोलरला ॲसिटिलकोलीनचा डोस दुप्पट करावा लागतो. तुमचं १० मायक्रोग्रॅम/मिली ॲट्रोपिन सल्फेट म्हणजे जवळपास २९ मायक्रोमोलर (रेणुभार ६९४.८, एका रेणूत ॲट्रोपिनचे दोन). डोस-रेशो (तेवढ्याच परिणामाला डोस किती पट लागेल तो आकडा) २९ हजारांच्या घरात जातो! कर्व्ह उजवीकडे सरकला तो कागदाबाहेर. ०.८ मिलीचा डोस तिथे काय करणार.

बाथमध्ये ४ नॅनोग्रॅम/मिली पुरे, म्हणजे १ मायक्रोग्रॅम/मिलीच्या द्रावणाचा ०.१ मिली. कर्व्ह साधारण बारा पट सरकेल, तेव्हा ॲसिटिलकोलीनचं १०० मायक्रोग्रॅम/मिलीचं द्रावणही तयार ठेवा. पण वॉशमध्ये ॲट्रोपिन निघून जाऊ नये म्हणून ते थेट टायरोडच्या रिझर्व्हॉयरमध्ये घालणं शहाणपणाचं: लिटरला ४ मायक्रोग्रॅम, आणि अर्धा तास वाट. तुमचे चार वॉश अपुरे होते. एवढ्या डोसनंतर नवा तुकडाच लावा.

नस_आणि_गाठ
मेला की ब्लॉक, याचा निकाल बेरियम क्लोराईड लावतं. १० मिग्रॅ/मिलीचा ०.५ मिली टाका. बेरियम मस्करिनिक रिसेप्टरला (स्नायूवर ॲसिटिलकोलीन जिथे बसतं आणि ॲट्रोपिन अडवतं ती जागा) न विचारता थेट स्नायूवर काम करतं. लिव्हर वर गेला तर टिशू जिवंत, रिसेप्टर बंद. टायरोड मॅग्नेशियम क्लोराईडचंच हवं. क्रेब्समध्ये (असंच दुसरं द्रावण) मॅग्नेशियम सल्फेट असतं, त्यात बेरियम सल्फेटचा साका बसतो. बेरियम विषारी, तोंडाने पिपेट ओढायची नाही.

व्हायवाचं उत्तर: बाहेरच्या नसा कापल्या गेल्या, पण आतड्याच्या भिंतीतलं आउरबाखचं मज्जातंतूंचं जाळं तुकड्यासोबत आलंच. निकोटिन दिलं तर ते या जाळ्यातल्या पेशींना चेतवतं, त्या ॲसिटिलकोलीन सोडतात, मग स्नायू आवळतो. म्हणून निकोटिनचा परिणाम हेक्सामेथोनियमनेही (ते जाळ्यातल्या पेशींवरचे निकोटिनिक रिसेप्टर अडवतं) थांबतो आणि ॲट्रोपिननेही. बाहेरून दिलेलं ॲसिटिलकोलीन प्रामुख्याने थेट स्नायूवर बसतं, त्याला ॲट्रोपिन अडवतं, हेक्सामेथोनियम नाही. या एका फरकातून नस कुठे संपते आणि स्नायू कुठे सुरू होतो ते दाखवता येतं. इसेरीनने कर्व्ह डावीकडे सरकतो, कारण ॲसिटिलकोलीन तोडणारं एन्झाईम, एस्टरेज, बंद पडतं. कार्बाकॉलचा (ॲसिटिलकोलीनसारखंच काम करणारं औषध) मात्र जागचा हलत नाही, त्याला ते एन्झाईम तोडतच नाही.

गुरांचा_दवाखाना
हाच फरक गोठ्यात रोज उपयोगी पडतो. गोचीड मारायचं ऑर्गनोफॉस्फेट (हेही एस्टरेज बंद पाडतं) अंगावर जास्त लागलं किंवा चाटलं की जनावराला लाळ, हगवण, मंद नाडी, आणि वर अंगभर स्नायू फडफडणं. ॲट्रोपिन ०.२ ते ०.५ मिग्रॅ/किलो, चौथाई शिरेतून, बाकीचं कातडीखाली. लाळ आणि नाडी सुधारते, फडफड तशीच. कारण फडफड नस आणि स्नायूच्या निकोटिनिक जोडावरची, तिथे ॲट्रोपिनचं काही चालत नाही. नवशिके ती थांबावी म्हणून ॲट्रोपिन वाढवत नेतात, मग गाय किंवा म्हैस रवंथ बंद करून फुगते. फडफडीला प्रॅलिडॉक्सिम (एस्टरेज पुन्हा मोकळं करणारं औषध), २० मिग्रॅ/किलो, एस्टरेज कायमचं जखडायच्या आत.

ऐरोली_बीफार्म
वजन सरकवलं, नवं टायरोड काचेसारखं स्वच्छ आलं. साधा कर्व्ह चारही डोसना चढता मिळाला. आता ॲट्रोपिन रिझर्व्हॉयरमध्ये घालून अर्ध्या तासाचं घड्याळ लावलंय.