चंद्रपूरला बदली : जावं की नको? राहून आलेल्यांनीच सांगा

धागाकर्ती :

नवऱ्याला बढती मिळाली आणि सोबत चंद्रपूर मिळालं. पेढे वाटायचे की नाही यावर घरात अजून एकमत नाही. शाखेतल्या मित्राने पहिलाच प्रश्न विचारला, "वर कुणाशी वाजलं का रे?" सासूबाईंनी कुठूनतरी रस्त्यावरच्या वाघाचा व्हिडिओ मिळवलाय, तो घरच्या ग्रुपवर रोज नव्याने येतो.

आम्ही पुण्यात, सिंहगड रोडला. मुलगा सात वर्षांचा. थंडीत त्याचा खोकला लांबतो, मागच्या वर्षी दोनदा नेब्युलायझर लावावा लागला. माझं काम घरूनच चालतं, त्यामुळे माझ्या नोकरीची ढाल पुढे करता येत नाही. बढती सोडायची, त्याने एकट्याने जायचं, की सगळं बिऱ्हाड हलवायचं, एवढंच ठरवायचंय.

आकडे मी वाचलेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले होते, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथं आलं. या परीक्षेत जास्त गुण म्हणजे जास्त घाण. शहराला खेटून २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र, भोवती कोळशाच्या खाणी, उन्हाळ्यात पारा ४६-४७. तरी तिथे लोक राहतात, मुलं शाळेत जातात, लग्नं लागतात. त्यांचा दिवस कसा जातो ते मला कुठे वाचायला मिळालं नाही. तेव्हा निदान एक उन्हाळा तिथे काढलेल्यांनीच लिहावं. 'आमच्या साडूंचे मित्र होते तिथे' असलं नको.

बदलीपुराण :

मी तुमच्या यजमानांच्याच धंद्यातला. २०११ ते १४ तिथे होतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी दोनला स्टेशनवर उतरलो. आपल्याकडे ऊन डोक्यावर लागतं, तिथे ते डांबरातून वर येतं. घरमालकांनी किल्ली देण्याआधी विचारलं, "कुलर आणला का साहेब?" म्हटलं, एसी घेणार आहे. ते हसले नाहीत. त्यांच्या मुलाला तेवढं जमलं नाही.

एसीने एक खोली थंड होते, कुलरने घर. हा कुलर म्हणजे आपल्याकडे दुकानात दिसतं ते प्लास्टिकचं खेळणं नव्हे. खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर चढवलेला पत्र्याचा पेटारा, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, वरून पाणी झिरपतं आणि आत हातभर पंखा घरघरतो. मार्चमध्ये ताट्या बदलायच्या, जुन्या क्षाराने दगड झालेल्या असतात. टाकी सकाळी एकदा आणि चारच्या सुमाराला एकदा भरायची. विसरलात तर तोच पेटारा भट्टीचा भाता होतो. पहिल्या उन्हाळ्यात मी दोनदा विसरलो, तिसऱ्यांदा विसरायची हिंमत झाली नाही. पाऊस सुरू झाला की मात्र कुलर वैरी. हवा आधीच दमट, त्यात हा. तेव्हा तो झाकून ठेवायचा.

दिवसाचं गणित बदलतं. फिरणं पहाटे पाचला, भाजी नऊच्या आत, बारा ते पाच रस्ते ओस. संध्याकाळी सातनंतर गाव उठतं आणि अकरापर्यंत पोरं खेळत असतात. शाखेत दुपारी गिऱ्हाईक नसायचं, माझी सगळी थकलेली कामं त्या वेळात उरकायची. पुण्यात तेवढा निवांतपणा पुन्हा मिळाला नाही.

मुदत संपल्यावर मी वाढवून मागितली नाही, हेही सांगतो. तीन वर्षं पुरे झाली.

एक सल्ला. घर बघायला जाल तर डिसेंबरात जाऊ नका, फसाल. मे महिन्यात जा.

माहेर जटपुरा :

ताई, राग मानू नका, पण 'तरी तिथे लोक राहतात' हे वाक्य मला लागलं. माझ्या माहेरी पाच पिढ्या राहिल्या. चांदा, म्हणजे चंद्रपूरच, हे गोंड राजांचं गाव. गावाला परकोट आहे, त्याला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे. राणी हिराईने नवऱ्याच्या, बीरशहाच्या आठवणीत बांधलेली समाधी बघा. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेलं एवढं देखणं काम आपल्याकडे फारसं दिसत नाही. बाबासाहेबांनी नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, चंद्रपूरला दीक्षा दिली. चैत्रात महाकालीच्या यात्रेला नांदेड-परभणीकडून माणसं येतात, झरपट नदीच्या काठी चुली पेटतात, पोतराजांचे आसूड रात्रभर वाजतात. बाहेरच्यांना यातलं काही ठाऊक नसतं, त्यांना फक्त पारा ठाऊक असतो.

आता खोटं कशाला बोलू, गच्चीवर आम्ही पापड वाळवत नाही. आजी वाळवायची. आई खोलीत पंख्याखाली, जुन्या साडीने झाकून वाळवते. पांढरी चादर दोरीवर घातली तर घडी करताना मधोमध राखी रेघ दिसते, दोरीची. तुळशीची पानं आई दर दोन दिवसांनी फडक्याने पुसते. धूळ खाणीची की चिमणीची की रस्त्यावरच्या ट्रकांची, यावर आमच्या बाबांचं आणि शेजारच्या काकांचं तीस वर्षं भांडण चालू आहे.

निनावी :

लिहू की नको असं चाललं होतं. तुमच्या मुलाचं वाचलं म्हणून लिहिते.

आम्ही दोन वर्षांसाठी गेलो होतो, दीड वर्षात परत आलो. सगळे उन्हाळ्याचं सांगतात. मुलांसाठी वाईट तो हिवाळा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हवा हलतच नाही, धूर आणि धूळ खालीच बसून राहते. त्यात आमच्या मागच्या वस्तीत कोळशाच्या शेगड्या पेटायच्या. कोळसा तिथे सरपणापेक्षा सहज मिळतो, गरीब माणूस दुसरं काय जाळणार? साडेसहाला शाळेची रिक्षा यायची, तेव्हा तो वास नाकात बसायचा. लेकीला आधीपासून बाळदमा होता. पहिला हिवाळा निभावला. दुसऱ्या हिवाळ्यात महिन्यातून आठ-आठ दिवस शाळा बुडायला लागली. तिथल्या डॉक्टरांनी आडवळण न घेता सांगितलं, "वहिनी, औषध मी देतो, पण हवा मला लिहून देता येत नाही."

आता नाशिकला आहोत. दमा गेला नाही, पंप अजून दप्तरात असतो. पण शाळा बुडत नाही. शेजारी फार चांगले होते, निघताना रडू आलं. तरी पुन्हा जाणार नाही.

ऊर्जानगर लाइन :

वाघाचं मी सांगतो. नोकरीची २२ वर्षं त्याच्याच शेजारी काढली ना भाऊ.

वाघ रस्त्यानं फिरते का? जटपुरा गेटवर नाही फिरत बाप्पा, तिथं ट्रॅफिकमधे त्यालेच जागा भेटनार नाही. पण वीज केंद्राजवळच्या दुर्गापूर-ऊर्जानगरच्या बाजूला येते. ताडोबाचं जंगल तिकडूनच लागते, आन् राखेच्या तलावाभोवती, खाणीच्या ढिगाऱ्यावर झुडपं माजली आहेत. रानडुक्कर तिथं, कुत्रे तिथं, पाणी तिथं. मंग बिबट कायले जाईन दुसरीकडे? २०२२ च्या फेब्रुवारीत दोन दिवसांत दोन जीव गेले, एक कामगार वाघानं नेला आन् एक सोळा वर्षांचा पोरगा बिबट्यानं. त्या आठवड्यात आमच्या लाइनीत संध्याकाळी सहानंतर पाखरू दिसत नव्हतं. मी स्वतः पाळीवरून येताना स्कूटरचा हॉर्न दाबूनच ठेवायचो. बायको म्हने, "वाघाच्या आधी शेजारी मारतीन तुमाले."

शहराच्या मधात घर घ्या, झुडपाच्या कडेचं घेऊ नका. पोरगं दिवे लागायच्या आत घरात. बाकी काही नाही. आन् ताडोबा पाहा. मोहर्लीचं गेट तासाभरावर आहे. लोकं मुंबईहून हजारो रुपये मोजून येतात, आमचे अर्धे चंद्रपूरकर अजून गेलेच नाहीत.

नकार दिलेला :

अट मोडतो, माफी असावी. २०१६ ला मला चंद्रपूर आलं होतं, मी बढती सोडली. पुढची बढती यायला पाच वर्षं लागली आणि तेव्हा जे गाव मिळालं त्याचं नाव काढलं तर तुम्ही चंद्रपूरला पळत जाल.

भाडेकरू :

सगळं बोलून झालं, पुराचं कुणी बोललं नाही. चंद्रपूर म्हटलं की ऊन एवढंच डोळ्यासमोर येतं, पण इरई आणि झरपट दोन्ही नद्या शहराला लागून आहेत. पुढे वर्धा नदी भरली की इरईचं पाणी पुढे सरकत नाही, ते मागे फुगतं आणि सखल वस्त्यांत शिरतं. जुलै २०२२ मध्ये माझं तळमजल्याचं भाड्याचं घर गेलं. म्हणजे घर आहे, पण फ्रिज, गाद्या, मुलीची वह्या-पुस्तकं गेली. घर घेताना दलाल म्हणाला होता, "नदीचा वारा येतो साहेब, उन्हाळ्यात बरं." वारा आला खरा, मागून नदीही आली.

घर बघाल तेव्हा घरमालकाला विचारू नका, समोरच्या किराणावाल्याला विचारा, "२०२२ ला पाणी कुठवर होतं?" तो हाताने भिंतीवर दाखवतो.

दवाखान्याचं : २०१५ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, रोजच्या दुखण्याखुपण्याला डॉक्टर भरपूर. मोठं काही निघालं की नागपूर. १५० किलोमीटर, तीन तास धरा. घरात म्हातारं माणूस असेल तर हा हिशेब आधी करा.

अकरा वर्षं झाली :

एका वर्षासाठी आले होते, कॉलेजात शिकवायला. एकटी बाई, तेव्हा वय २९. घरच्यांना उन्हाची नाही, 'खाणीकडची माणसं' या शब्दाची भीती होती. अनुभव असा की रात्री नऊला भाजी घेऊन पायी घरी येते, आजवर तसा प्रसंग आला नाही. घरमालकीण तेलुगू, शेजारी खाणीत नोकरी करणारे बिहारी, वरच्या मजल्यावर गडचिरोलीचं कुटुंब. सगळ्यांकडून वाट्या येतात. वडाभात खाल्लाय का? भिजवलेल्या डाळींचे भरड वडे तळायचे, गरम भातावर कुस्करायचे आणि वर लसणाच्या फोडणीचं कडकडीत तेल. ४५ डिग्रीत हे खातात. पहिल्यांदा मी घाबरले, आता पाहुण्यांना मीच घाबरवते. भात इथला चांगलाच. एचएमटी तांदूळ आपण सगळे खातो, तो शोधला नागभीड तालुक्यातल्या दादाजी खोब्रागडेंनी. तेही चंद्रपूर जिल्ह्यातलेच.

मला विचाराल तर या गावाची बदनामी चुकीच्या गोष्टीवरून झालीय. ती खर्ऱ्यावरून व्हायला हवी होती. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून टपरीवर घसाघसा घोटतात आणि पुडी खिशात. माझे वर्गातले विसाव्या वर्षाचे मुलगे तोंड पुरतं उघडू शकत नाहीत. जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती, त्यावर रोज रणं माजायची. खर्ऱ्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, कारण बोलणाऱ्याच्याही तोंडात तोच असतो. तुमचा मुलगा लहान आहे, पण दहावीपर्यंत राहणार असाल तर धुळीआधी याचा विचार करा.

हो, मला कोरडा खोकला आहे. दर जानेवारीत. सुट्टीत सांगलीला गेले की थांबतो.

धागाकर्ती, महिन्याभराने :

सगळ्यांचे आभार. माहेर जटपुरा, ते वाक्य मी मागे घेते.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात तिघंही जाऊन आलो. स्टेशनच्या भिंतीवर वाघ रंगवलेले बघून मुलाचं निम्मं मत तिथेच झालं. दोन घरं पाहिली. पहिलं प्रशस्त, भाडं कमी. मी खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं, ते काळं झालं, नवऱ्याने बघितलं आणि आम्ही दोघंही काही न बोलता जिना उतरलो. दुसऱ्या घरी बोट राखाडी झालं. एवढाच फरक, पण त्यावर पटकन समाधान वाटलं याचं मलाच आश्चर्य वाटलं. समोरच्या किराणावाल्याने रस्त्यापलीकडे, खाली उताराकडे हात केला, "पाणी तिथवर." ते घर घेतलं.

दुपारी तीनला आम्ही मुद्दाम बाहेर पडलो. दहा मिनिटांत परत आलो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

निनावी, तुमचं लिहिणं आम्ही दोघांनी तीनदा वाचलं. म्हणून असं ठरलंय : नवरा आत्ता एकटाच जाईल. मी आणि मुलगा दिवाळीनंतर तीन आठवडे आणि जानेवारीत पुन्हा दोन आठवडे जाऊन राहू. पुण्याच्या डॉक्टरांनी खोकल्याची वही ठेवायला सांगितली आहे. रात्री किती वेळा उठला, पंप किती वेळा लागला, रोज लिहायचं. त्या वहीत जे येईल त्यावर पुढच्या जूनचं ठरेल. सासूबाई म्हणतात, हा निर्णयच नाही. असेल.

कुलरचे पैसे देऊन आलोय, पत्र्याचा, घोडीसकट. ताट्या बदलणाऱ्याचा नंबर घरमालकीणबाईंनी न मागताच दिला.