मदत हवी आहे: एनके सेल्स जास्त आल्या, इंट्रालिपिड घ्यावं का? (नागपूर)

पूर्वा_नागपूर: रिपोर्टमध्ये एनके सेल्स (नॅचरल किलर, एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) १९ टक्के आल्या. धंतोलीतले डॉक्टर म्हणतात, तुमच्याच पेशी बाळावर हल्ला करून राहिल्या, इंट्रालिपिडचं (सोयाबीन तेलापासून केलेलं) सलाईन सुरू करू. सोमवारी हो-नाही सांगायचं आहे. लवकर सांगा प्लीज.

वैनगंगा: ताई, रिपोर्ट रक्ताचा की गर्भाशयाच्या अस्तराचा? आधी गर्भपात झालेत का? आत्ता दिवस आहेत का?

पूर्वा_नागपूर: हातातून रक्त घेतलं. दोन झाले. आत्ता नाही. पण सलाईनचं सांगा ना!

संत्राबर्फी: मी घेतलं होतं. मुलगी आता शाळेत जाते. बिनधास्त घ्या.

सीताबर्डीकर: ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर गर्भपातानंतर ७२ तासांत अँटी-डीचं इंजेक्शन घ्यावं लागतं. बायका हेच विसरतात.

पूर्वा_नागपूर: मी ओ पॉझिटिव्ह आहे दादा.

वैनगंगा: संत्राबर्फी, मुलीला खूप आशीर्वाद. पण दोन गर्भपातांनंतर काही न घेताही बहुतेकींना मूल होतं, मग श्रेय सलाईनला कसं द्यायचं? पूर्वाताई, रक्तातल्या एनके पेशी वेगळ्या, अस्तरातल्या वेगळ्या. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के एनकेच असतात आणि त्यांची तिथे गरज असते. आईच्या रक्तवाहिन्या रुंद करायला त्या मदत करतात, म्हणून वारेला पुरेसं रक्त मिळतं. वारेच्या पेशींवरचं एचएलए-सी (पेशींची ओळख सांगणारं प्रथिन), ज्यात बापाचाही वाटा असतो, त्या ओळखतात. हे नीट जुळलं नाही तर पुढे बीपी वाढण्याचा धोका असतो. हातातल्या रक्ताचा आकडा यातलं काहीच सांगत नाही. नुसत्या ताणानेही तो हलतो.

संत्राबर्फी: म्हणजे माझे डॉक्टर चुकीचे होते का? अनुभवालाही किंमत असते.

वैनगंगा: असते. पण युरोपातल्या एश्रे या वंध्यत्व-उपचार तज्ज्ञांच्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत ही तपासणीही सुचवलेली नाही आणि इंट्रालिपिडही नाही. पुरावा अपुरा आहे.

महालवाला: शतावरी कल्प घ्या, आमच्या वहिनीला गुण आला. आणि सिकलसेलची तपासणी केली का? आपल्या विदर्भात दोघांचीही करायलाच पाहिजे.

वैनगंगा: सिकलसेलचं बरोबर आहे. शतावरी राहू द्या. ताई, थायरॉईड, शुगर, सोनोग्राफी, एपीएलए (रक्तात गाठी करू शकणाऱ्या अँटीबॉडीजची तपासणी) हे सगळं झालं का?

पूर्वा_नागपूर: थायरॉईड, शुगर, सोनोग्राफी नॉर्मल. एपीएलएमधल्या अँटीकार्डिओलिपिनपुढे ‘वीक पॉझिटिव्ह’ लिहिलं आहे. दुसऱ्या गर्भपातानंतर लगेच केली होती. त्यावर कोणी काही बोललं नाही.

वैनगंगा: अहो, हे सगळ्यात महत्त्वाचं! ही तपासणी किमान १२ आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करतात, ल्युपस अँटीकोॲग्युलंट आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या त्याच गटातल्या तपासण्यांसकट. दोन्ही वेळा पुरेशी पॉझिटिव्ह आली तर ॲस्पिरिन-हेपरिनचा, म्हणजे रक्तात गाठी होऊ न देणाऱ्या औषधांचा, उपचार आहे आणि त्याला आधारही आहे. सोमवारी सलाईनला होकार देण्याआधी हेच विचारा. फाइलमधला आकडा आणि तारीख इथे टाका, मी रात्री बघते.