सातजणांसाठी मोठी एसयूव्ही घ्यायचीय, नक्की काय बघून ठरवायचं? (कोल्हापूर)

रंकाळा_साईड:
नमस्कार मंडळी. घरात आम्ही सातजण, आई-आबा, आम्ही दोघं, धाकटा भाऊ आणि दोन पोरं, त्यातलं बारकं तीन वर्षांचं. आबांचे गुडघे दुखत्यात. गाडी रोज गावातच फिरणार, राजारामपुरीतनं शाळा, मंडई एवढंच, पण अधनंमधनं अंबा घाटानं रत्नागिरीला ताईकडं आणि सुट्टीला पुणे ठरलेलं. डोक्यात सफारी, एक्सयूव्ही ७००, स्कॉर्पिओ एन आणि हायक्रॉस आहे, भाऊ म्हणतोय घ्यायची तर फॉर्च्युनरच. शोरूमला गेलं की सनरूफ आणि स्क्रीनच दाखवत्यात, त्यातनं आम्हाला काय कळंना. ज्यांनी वापरलीय त्यांनी सांगा.

घाटवाट:
भावा, सातजण असतील तर गाडी मागच्या सीटवरनं ठरवायची, पुढच्या नाही. सगळ्यांना घेऊन जा शोरूमला, आबांना पण. आधी मधली सीट आबांना पाय नीट सोडता येतील इतकी मागं घ्या आणि मग भावाला तिसऱ्या रांगेत बसवा, कारण सेल्सवाला मधली सीट पुढं ढकलून मागची जागा दाखवतो आणि तिथंच माणूस फसतो. मागं फ्लोर उंच असतो म्हणून गुडघे वर येतात, मांडीला आधार राहत नाही, पाच मिनिटं बसून हे कळत नाही, अर्धा तास बसू दे की, कोण काय म्हणत नाही.

दुसरं म्हणजे डिकी. तिसरी रांग उघडल्यावर सफारीत कंपनीच्याच आकड्यानं ७३ लिटर जागा राहते, म्हणजे सातजणांच्या बॅगा वर कॅरियरलाच. हायक्रॉसमध्ये ३०० लिटर आहे आणि पुण्याच्या सुट्टीला हा फरक लई मोठा. स्कॉर्पिओ एनची मागची सीट अडचणीची आणि डिकी पण नावालाच.

फॉर्च्युनरबद्दल खरं सांगतो, इंजिन जबरदस्त, २.८ डिझेल, २०४ पीएस ताकद, ऑटोमॅटिकला ५०० एनएम टॉर्क म्हणजे ओढ, खराब रस्त्याला तिच्यासारखी नाही आणि विकताना पण किंमत येते. पण ती लॅडर फ्रेमवर आहे, म्हणजे ट्रकसारखी खाली वेगळी चौकट आणि वर बॉडी, उंच आहे, घाटात वळणावर मागची माणसं हलतात, आणि तिसऱ्या रांगेच्या सीटा दुमडल्या की बाजूला लटकतात म्हणून डिकीची रुंदी जाते. आबांना चढताना पण त्रास. तुमचं काम सगळं डांबरी रस्त्याचं आहे, त्यासाठी मोनोकॉक (चौकट आणि बॉडी एकच असलेली) गाडीच बरी, म्हणजे सफारी, ७०० नाहीतर हायक्रॉस. फोर बाय फोरला (चारी चाकांना ताकद) पण पैसे घालू नका.

उद्यमनगर_गॅरेज:
वरचं बरोबर आहे, मी डिझेलचं सांगतो कारण हे कोण सांगत नाही. बीएस ६ (आत्ताच्या प्रदूषण नियमातल्या) डिझेलला डीपीएफ म्हणजे धुराचा फिल्टर असतो, त्यात काजळी साठते आणि ती जळायला गाडी जरा वेळ सलग गरम पळावी लागते. रोज शाळा आणि मंडई एवढंच केलं तर रिजनरेशन, म्हणजे काजळी जळायचं काम, अर्धवट राहतं, डॅशबोर्डची लाईट लागते आणि मग लोक गाडी घेऊन आमच्याकडं येतात. डिझेल घेणार असाल तर आठवड्यातनं एकदा हायवेला कागलच्या पुढपर्यंत पळवून आणायची तयारी ठेवा. गावातच जास्त फिरणार असेल तर हायक्रॉसचं हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही) बघा, कंपनी २३.२४ चा ॲव्हरेज सांगते, गाडी भरून घाटात तेवढा मिळणार नाही पण गावातल्या थांबत-चालत ट्रॅफिकला हायब्रिडच जिंकतंय.

आणि दाराच्या खांबावर स्टिकर असतो तो वाचा, फुल लोडला हवेचं प्रेशर वेगळं दिलेलं असतं, सातजण आणि सामान घालून नेहमीच्याच हवेवर घाट उतरू नका. उतारावर खालच्या गिअरला ठेवा, एवढी जड गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवली की ब्रेक तापून धरायचे बंद होतात.

दोन_पोरांची_आई:
दादा, बारक्यासाठी चाइल्ड सीट घेणार ना? घ्याच. आयसोफिक्स (चाइल्ड सीट अडकवायचे हुक) बहुतेक गाड्यांत मधल्या रांगेतच असतं. चाइल्ड सीट एकदा बसवली की ती मधली सीट दुमडता येत नाही, आणि दुमडायची बाजू तीच असली की मागं जायची वाटच बंद! म्हणून सहा सीटची कॅप्टन सीटवाली (मधे दोन सुट्ट्या खुर्च्या) बघायचा मोह होतो, मधनं वाट असते, पण तुम्ही सातजण, तिथं एक माणूस बाहेर राहतोय. मग सात सीटचीच घ्या आणि चाइल्ड सीट कुठल्या बाजूला, मागचे कुठनं चढणार हे शोरूममध्येच करून बघा. कर्टन एअरबॅग (खिडकीवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या) तिसऱ्या रांगेपर्यंत येतात का ते पण विचारा. सफारीला ग्लोबल एनकॅपच्या टक्कर चाचणीत ५ स्टार आहेत, ७०० ला पण, पण स्टार बघून मागच्यांनी बेल्ट लावायचा सोडू नका, आमच्यात ह्याच्यावरनं रोज भांडण.

रंकाळा_साईड:
लई धन्यवाद सगळ्यांना. भावाला वाचून दाखवलं, गप्प बसला. आता ७०० पेट्रोल आणि हायक्रॉस ह्या दोनच ठेवल्यात. लांबी ४६९५ आणि ४७५५ मिमी, म्हणजे फरक फार नाही, पण आमचा बोळ अरुंद आहे त्याचं काय?

पंचगंगाकाठ:
टेस्ट ड्राईव्ह घरापर्यंत मागा, देतात. बोळात वळवून, गेटमधनं आत घेऊन, दारं उघडून आबांना उतरवून बघा, टेप लावायची गरजच नाही. जुनी कोटेशन धरून बसू नका, २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीला सेससकट ५० टक्के होता तो टॅक्स ४० झालाय, ऑन-रोड नवीन काढून घ्या.

आणि इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शन घ्याच. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीला हायवेवर पाणी आलेलं सगळ्यांनी बघितलंय. उंच गाडी आहे म्हणून पाण्यात घालायची नाही, इंजिनात पाणी गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या पॉलिसीत ते बसत नाही. पाण्यात बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका, टोइंगवाल्याला बोलवा.